अडतिसावं नाव

दुपारी दीड वाजता मेटकरीमाळाच्या पाणी संस्थेच्या नव्याकोऱ्या बोर्डावर त्रेसष्ट शेतकऱ्यांची नावं लाल अक्षरांत एकामागून एक पळत होती. एक पस्तीसला तिथं एकच नाव उरलं. 'सुलाबाई.' ते उजवीकडून यायचं, डावीकडं जायचं, आणि जाऊन आल्यासारखं पुन्हा उजवीकडून यायचं.

हा पराक्रम इंद्रजितचा.

इंद्रजित कराडकडचा, उसाच्या पट्ट्यातला. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं घरात चहासुद्धा वेळेवर. पोरानं डिप्लोमा केला आणि सांगलीत बोर्ड बसवणाऱ्या एका लहानशा कंपनीत चिकटला. ऑफिसात सगळ्यात धाकटा. त्याला कुणी काही विचारत नसे, नुसतं सांगत. म्हणून आटपाडीच्या अलीकडच्या या माळावर एका बाईनं खोरं दाराला टेकवून "ह्ये चालतंय कसं रं?" असं विचारलं, तेव्हा तो फुलला. फुललेल्या माणसाच्या हातून जे होतं तेच झालं.

ती बाई म्हणजे सुलाबाई मेटकरी, संस्थेची पाटकरीण. कालव्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या चारीला, म्हणजे रानापर्यंतच्या पाटाला, किती तास पाणी द्यायचं हे बघायचं, आणि त्यावरून लोकांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. तिच्याआधी एका वर्षात दोन पुरुष पाटकरी काम सोडून गेले होते. एक भांडणाला भ्याला, दुसऱ्याला भांडणात सगळीकडून जेवणं यायला लागली, मग त्याला कुणाचंच दार मिटवेना. सुलाबाई भीतही नव्हती आणि कुणाच्या घरी जेवतही नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात गावातले वजनदार शेतकरी हंबीरराव यांनी आपल्या उसासाठी चारी फोडली, तर ही फोडलेल्या जागी जाऊन बसली. मातीच्या जागी बाई. हंबीरराव वरून म्हणाले, ऊठ. ही म्हणाली, पाणी न्यायचं तर माझ्यावरनं न्या. दोन तास बसली. शेवटी हंबीररावांच्या घरच्यांनीच तिला चहा आणून दिला. तो मात्र ती प्यायली, कारण तो ड्यूटीवरचा होता.

तर अशा बाईनं विचारलं आणि इंद्रजितनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"ही इको नावाची आज्ञा आहे, मावशी," तो म्हणाला. "सगळ्यात सोपी. इको लिहायचं आणि पुढं आपल्याला हवं ते. संगणक तेच परत म्हणतो."

सुलाबाईला हे पटेना. तिनं परीक्षा घेतली. लिही, म्हणाली, सुलाबाई खोटं बोलत न्हाई. त्यानं लिहिलं, बटण दाबलं. खालच्या ओळीत तेच उमटलं. तिनं वाकून एकेक अक्षर वाचलं, सहावीपर्यंतचं सगळं शिक्षण पणाला लावून.

"पदरचं घातलं न्हाई," ती म्हणाली. "गाळलं न्हाई. उलट बोलला न्हाई. आमच्या गावात आसलं एक माणूस दाव मला."

इंद्रजितला आता थांबवेना. हेच बाहेर बोर्डावर दाखवतो, म्हणाला. बोर्डाला पत्त्याच्या कॅटाएवढा एक संगणक जोडला होता, त्यात पाण्याच्या पाळ्यांची फाइल होती, आणि बोर्ड त्या फाइलीतलं जे असेल ते पळवत राहायचा. त्यानं इको लिहिलं, सुलाबाई लिहिलं, पुढं बाणाचं टोक काढलं, फाइलीचं नाव घातलं आणि बटण दाबलं.

बाणाची टोकं दोन काढायची असतात. दोन काढली की नवी ओळ जुन्यांच्या मागं जाऊन बसते. एकच काढलं, तर फाइल आधी रिकामी होते आणि मग नवी ओळ आत येते. इंद्रजितनं हे परीक्षेत दोनदा लिहून मार्क मिळवले होते.

बाहेरून हंबीररावांचा आवाज आला. ते बोर्डाखाली उभे होते, मान वर. "काय गं सुले, सगळं पाणी तुलाच व्हय? आमी काय मग गावात भीक मागायची का?"

आत इंद्रजित ती एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. यादीची दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवावी हे ज्ञान माणसाला कायम पुसल्यानंतरच होतं. सकाळी संस्थेचे सचिव लालासाहेब यांच्या रजिस्टरातून बघून त्यानं नावं थेट त्या छोट्या संगणकात चढवली होती, आणि रजिस्टर काखेत मारून लालासाहेब ऑडिटसाठी सांगलीला गेले होते. इंद्रजितनं त्यांना फोन लावला. फोन वाजला. फारच जवळ वाजला. मागं खिडकीत चार्जिंगला लावलेला होता.

दुसरीकडं चार वाजता उपसा सिंचन योजनेचं पाणी कालव्यानं मेटकरीमाळाच्या फाट्यावर येणार होतं. मागच्या सर्वसाधारण सभेत भांडणं मिटवायला ठराव झाला होता, बोर्डावर नाव असेल त्यालाच पाणी, सातबाऱ्यावरचंच नाव, आणि बोर्डावरच्याच क्रमानं. यादी नाही तर दार उघडायचं नाही. दार उघडलं नाही तर पाणी पुढच्या गावाला. ते परत यायचं एकवीस दिवसांनी. तोवर त्रेसष्ट जणांच्या डाळिंबाची धरलेली कळी गळून मातीत जाणार होती.

इंद्रजितच्या गावाला पाणी मोजत नाहीत. तिथं ते उसात पडून असतं, गावातल्या रिकामटेकड्यासारखं. एका ओळीपायी त्रेसष्ट रानं वाळतात, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ती ओळ त्यानं स्वतः लिहिली होती. त्यानं सुलाबाईला सगळं खरं सांगितलं. हेही सांगितलं की आपली नोकरी बहुतेक गेली.

सुलाबाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, एक टोक आणि दोन टोकं म्हणजे नेमकं काय? त्यानं रडवेल्या आवाजात समजावलं.

"म्हंजे एक टोक म्हंजे चारी मोकळी करून आपलं सोडायचं," ती म्हणाली. "दोन म्हंजे चालत्या पाण्यामागं जोडायचं. आरं मग येवढं सोपं हाय आन् तू चुकलास?"

"चुकलो, मावशी."

"बस हितं. मी सांगते, तू लिव्ह. टोकं मी दाबणार."

पाळीचा क्रम काही नावांच्या चिठ्ठ्यांनी ठरत नसे. परवा देवळात चिठ्ठ्या निघाल्या त्या कालव्याच्या पाच दारांच्या, कुठलं दार आधी एवढ्याच. पुढं प्रत्येक दारावर रानाला लागून रान, त्यामुळं नावं जो तो आपल्या शेजाऱ्यापुरती सांगू शकत होता. सगळीच्या सगळी सांगणारं माणूस एकच, कारण सगळ्या चारीनं चालणारं माणूस एकच.

इंद्रजितनं फाइलीतली ती एकटी 'सुलाबाई' आधी पुसून टाकली. सुलाबाईनं डोळे मिटले आणि ती चालायला लागली. बसल्या जागीच. तिसरं दार. पहिलं रान तानाजीचं, बांधावर बाभळ, चार तास. मग विहीर बुजवलेली ती, अर्जुनाची, तीन तास. मग मोडकं कुंपण. कुंपण कुणाचं, असं इंद्रजितनं विचारल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, मोडलंय ते बापाचं, लिवायचं ते पोराचं. इंद्रजित इको लिहायचा, नाव आणि तास लिहायचा आणि हात उचलायचा. सुलाबाई एक डोळा उघडायची, एका हाताच्या बोटानं एक कळ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं टोक दोनदा उमटवायची. एक. दोन. मग फाइलीचं नाव, मग बटण. पुन्हा डोळे बंद.

हे चालणं तिचं लहानपणापासूनचं. बापाची दीडशे मेंढरं. दिवाळी झाली की कुटुंब मेंढरं घेऊन निघायचं, पाटणच्या अंगानं घाट उतरून खाली कोकणात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर. शाळा सहावीपर्यंत झाली ती कशी, हे तिचं तिलाच कोडं होतं. तिन्हीसांजेला वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं आली की बाप ती मोजत नसे. नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, काळ्या कानाची आली न्हाई. मोजून काय कळतंय, म्हणायचा, एक कमी हाय येवढंच. कोण न्हाई त्ये कळाया पायजे. पुढं लग्न होऊन ती याच माळावर आली. माळावर योजनेचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली, पाऊण एकरात डाळिंब उभं राहिलं. पण ती नजर तिनं विकली नव्हती. दार मिटताना ती अजून चारीवर एकवार नजर टाकायची आणि कुणाचं रान कोरडं राहिलं ते लांबूनच सांगायची.

मधे दोनदा इंद्रजितचा फोन वाजला. दोन्ही वेळा त्यानं नाव बघून बंद केला. ऑफिसचा आहे, म्हणाला. सुलाबाईनं दोन्ही वेळा एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

सव्वातीनला शेवटचं रान आलं. इंद्रजितनं ओळी मोजायची आज्ञा दिली. संगणक म्हणाला, बासष्ट.

दारावरच्या पाटीवर रंगवलेलं होतं, सभासद त्रेसष्ट.

एक कमी. पण कोण? सुलाबाईला हे अगदी लागलं. म्हणाली, तुझं यंत्र चुकतंय, माझी समदी आली. पुन्हा पहिल्यापासून चालली. इंद्रजित पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ जुळवत गेला. सगळ्या जुळल्या. तरी बासष्ट. तीन पस्तीस झाले. बाहेर बोर्डाखाली गर्दी जमत होती.

तिसऱ्यांदा तिनं सुरुवात केली तेव्हा इंद्रजितच्या डोळ्यांपुढं अक्षरं नाचायला लागली होती, म्हणून तो पडद्याऐवजी तिच्या तोंडाकडं बघत राहिला. बाभळ, विहीर, कुंपण. दुसरं दार झालं. पाचवं आलं. गुंडाचं रान, साडेतीन तास. आणि इथं सुलाबाईनं तोंड मिटलं, हनुवटी खिडकीकडं किंचित उडवली, पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, मग राहीबाई.

"मावशी, थांबा. मधे काय केलंत?"

"कुठं काय?"

"गुंडा झाल्यावर. हनुवटी उडवलीत."

सुलाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही त्यानं सूर्य कुठं उगवतो विचारलं. "आरं, ते आमचं की."

पडद्यात मान घातलेल्या माणसाला हनुवटी दिसत नाही. इंद्रजित हसायला लागला. हसू आवरून त्यानं बोटं कळांवर ठेवली आणि नाव विचारलं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, त्यानं विचारलं. मालकांच्या. मालकांचं नाव काय? तिनं पुन्हा नुसती हनुवटी उडवली. कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायला लागल्या.

बत्तीस वर्षांच्या संसारात सुलाबाईनं नवऱ्याचं नाव दोनदा घेतलं होतं. एकदा लग्नात, एकदा थोरल्या पोरीच्या लग्नात, दोन्ही वेळा उखाण्यात. एरवी आमचं मालक. दवाखान्यात मालक, रेशनच्या दुकानात मालक. आणि पाण्याच्या पाळीत नुसती हनुवटी. चारीवर उभं राहून हनुवटी उडवली की सगळ्या माळाला कळायचं.

"बाहेर कुणाला तरी विचारून येतो," इंद्रजित उठला.

सुलाबाईनं त्याची बाही धरली. बाहेर दारातच हंबीरराव होते. त्यांना विचारायचं म्हणजे गावाला सांगायचं, की पाटकरणीनं पळत्या यादीत नवऱ्याचं नाव मागनं घुसडलं. आठ वर्षं कुणाच्या घरचा घास न खाता राखलेली गोष्ट पाच मिनिटांत गेली असती. आणि नाव घातलंच नाही, तर पाऊण एकर डाळिंब कोरडं.

ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"कितवी पाळी येतीया आमची?"

"गुंडा सदतीस. तुमची अडतिसावी."

"मी म्हणीन तसंच लिव्हायचं. गाळायचं न्हाई, जोडायचं न्हाई. तुझ्या त्या इकोसारखं."

मग ती भिंतीला म्हणाली, एका दमात, हळू:

"योजनेच्या पाण्यानं भरली डाळिंबाची आळी,
सयाजीरावांचं नाव घेते, अडतिसावी त्यांची पाळी."

इंद्रजितनं सांगितल्याप्रमाणं लिहिलं. सुलाबाई वळली, आली आणि टोक दोनदा उमटवलं. बटण दाबल्यावर इंद्रजितच्या लक्षात आलं, दोन टोकांची ओळ जाते ती शेवटी. सयाजीरावांचं नाव अडतिसावं नव्हे, त्रेसष्टावं लागलं होतं. आणि शेवटच्या पाळीला पाणी पोचेपर्यंत त्याची धार करंगळीएवढी होते, हे त्याला आता माहीत झालं होतं. फाइल उघडून ओळ वर सरकवतो, म्हणाला. पण सुलाबाई म्हणाली, बसलेली बासष्ट हलवू नगंस. तीन अठ्ठावन्न झाले होते.

बाहेर बोर्डावर पुरी यादी पळायला लागली. तानाजी, अर्जुना, एकेक नाव गेलं. गुंडा गेला, राहीबाई गेली. लोक आपापलं नाव आलं की मान हलवायचे. शेवटी उखाणा आला. लाल अक्षरांत, टप्प्याटप्प्यानं. 'योजनेच्या पाण्यानं' गेलं, 'भरली डाळिंबाची' गेलं, आणि 'सयाजीरावांचं' आलं तेव्हा बोर्डाखाली असा हशा उठला की झाडावरचे पारवे उडाले.

सयाजीराव गर्दीच्या मागं मोटारसायकलवर बसले होते. उंच, मितभाषी गृहस्थ. ते खाली उतरले, पटका काढून हातात घेतला आणि यादी पुन्हा फिरून शेवटाला येईपर्यंत तसेच उभे राहिले. उखाणा दुसऱ्यांदा गेला. मग त्यांनी इंद्रजितला खुणेनं बोलावलं आणि कानाशी लागून सांगितलं, "लय जोरात पळतंय. तेवढीच ओळ जरा हळू करता यील का बघ."

हंबीररावांनी मात्र मुद्दा काढलाच. त्यांची पाळी चव्वेचाळिसावी, एक जण मधनं गेला तर त्रेचाळिसावी. ठराव ठरावच असतो, ते म्हणाले, क्रम बोर्डावरचा. ओळ शेवटी हाय, तर पाणी शेवटी. उखाण्याला काय सातबारा असतोय व्हय? लोक हसायचे थांबले. सुलाबाई खोऱ्यावर हात ठेवून उभी होती. आपल्याच रानासाठी तिच्या तोंडून बोलणं शोभलं नसतं, आणि हे हंबीररावांना ठाऊक होतं.

बोलली राहीबाई. वय सत्तर, रान सुलाबाईच्या पलीकडचं. सयाजीराव मधनं गेले असते तर तिला पाणी तीन तास आधी मिळालं असतं.

"आवं हंबीरराव," ती म्हणाली, "गुंडाचं दार मिटलं की सुलीच्या रानात पाणी जातंय, मग माझ्या. म्या येवढी वर्सं तिच्यामागनंच भिजवलंय. नाव कुठंबी लिवा. पाणी काय बोर्ड वाचून येतंय?" आणि वर, "आन् तुमच्या मालकिणीनं कवा घेतलं तुमचं नाव? घेतलं आसंल तर लिवा की तिथं, तुमालाबी हळू पळवू."

यावर हंबीरराव स्वतःच हसले. त्यांच्या घरात त्यांचं नाव घेतलं जायचं ते उखाण्यात नव्हे, हे गावाला माहीत होतं. फाट्यावर पाणी आल्याची शिट्टी झाली आणि सुलाबाई खोरं खांद्यावर टाकून दार उघडायला गेली.

संध्याकाळी लालासाहेब रजिस्टर घेऊन आले. बासष्ट नावं एकेक करून जुळवली. तासांतसुद्धा चूक निघाली नाही. उखाण्याची ओळ काढून साधं नाव अडतिसाव्या जागी घालावं, असं त्यांनी सुचवलं. नाव घातलं, पण ओळ काढायला कुणी तयार होईना. ती तिथंच शेवटी राहिली, जरा हळू पळणारी. हळू करायचं ते काम इंद्रजितनं कंपनीला न सांगता केलं. नोकरीही गेली नाही, कारण कंपनीलाही त्यानं फारसं सांगितलं नाही.

आता दर आवर्तनाची यादी सुलाबाई स्वतः चढवते. प्रत्येक ओळीला टोकं मोजते, मोठ्यानं. एक, दोन. लालासाहेबांनी एकदा मदत करतो म्हटलं, तर तिनं त्यांना आधी फोन खिशात घाला म्हणून सांगितलं.

त्या दिवशी इंद्रजित निघाला तेव्हा सुलाबाई तीन नंबरच्या दारावर होती. गाडी थांबवून त्यानं उपकार कसे फेडू असं विचारलं. तिनं पाण्याकडं बघतच उत्तर दिलं. पेढे नगंत, म्हणाली, साखर हाय मला. तुझ्यापायी मी भिंतीला नाव घेतलं, आन् समद्या माळानं वाचलं. आता तुझं राहिलं. तवा दोनदा फोन तोडलास ती संयोगिता ऑफिसची न्हाई. डोळा येकच उघडला हुता, पर वाचाया येतंय मला. लगीन ठरलं की तिच्या नावाचा उखाणा माझ्या बोर्डाला द्यायचा.

इंद्रजित हो म्हणाला. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं, तारीखसुद्धा निघाली. मागच्या आवर्तनाला त्यानं सांगलीत बसूनच, फार विचार करून, एक ओळ यादीच्या शेवटी पाठवली, 'पाणी जपून वापरा'. पाच मिनिटांत सुलाबाईचा फोन आला. ओळ छान हाय, म्हणाली, पर ह्यात नाव कुठं हाय रं?